बोलत राहा, अण्णा

अण्णा,

चार दिवस झाले, मला बोलायची मनाई आहे. पित्ताशय काढलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण भूल देताना घशातली नळी सहजासहजी गेली नाही, आत सूज आहे, म्हणून आठवडाभर गप्प बसायचं. जन्मभर मी लोकांच्या घशात नळ्या घातल्या आणि ब्याऐंशीव्या वर्षी माझ्याच घशानं दुसऱ्या कुणाला घाम फोडला. सुनेनं एक वही हातात दिली, काय हवं ते लिहून दाखवा म्हणाली. चहा, पाणी, पंखा हळू कर, एवढं लिहून झालं. मग आज दुपारी ती बाजारात गेल्यावर मी पान उलटलं आणि वर 'अण्णा' लिहिलं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्हाला लिहायचं कधी सुचलं नाही असं नाही, पण लिहायला बसलं की एका गोष्टीपाशी यावं लागेल हे माहीत होतं, म्हणून बसले नाही.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होत होता, ते दिवस. मी नुकती डॉक्टर झाले होते आणि अस्पतालात भूल देण्याच्या विभागात उमेदवारी करत होते. फूलबागेजवळच्या तुमच्या दफ्तरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बस्ते बांधले जात होते. कुठली फाइल भोपाळला, कुठली जबलपूरला, कुठली इथंच, याच्या याद्या तुम्ही घरी आणून जेवणाच्या पाटाशेजारी ठेवायचे आणि घास घेता घेता आईला सांगायचे, जणू तीच सही करणार आहे. आपण दालबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. पंधरा दिवसांत तुमचा भोपाळला तबादला होता. आश्विन होता, आणि आश्विनातली ग्वाल्हेरची उन्हं अजून अंगाला चावतात. तुमच्या गळ्यात मात्र लोकरीचा मफलर. विचारलं की तुम्ही म्हणायचे, "सर्दी आहे." आम्ही मान डोलवायचो. कित्येक वर्षं तुमची सर्दी हटत नव्हती आणि पाच वर्षं डॉक्टरी शिकलेली मुलगी समोर बसून वरणभात जेवत होती.

शेवटी आईनंच सांगितलं. मी ड्यूटीवरून आले होते, ती पोळ्या लाटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे झोपत नाहीत गं. आडवे होतच नाहीत. भिंतीला टेकून बसतात आणि श्वास घेताना शिट्टी वाजते. घोरणं नाही ते. मी तीस वर्षं यांचं घोरणं ऐकलंय." तुम्ही पाटावर बसलेले होता. मी तुमच्यासमोर येऊन बसले आणि म्हटलं, "अण्णा, मफलर काढा." तुम्ही म्हणालात, "जेवू दे ना. फालतू गोष्टी करू नकोस." मी हात लांब करून मफलर ओढला. तुमच्याशी असं मी कधी वागले नव्हते, आणि आईचं लाटणं थांबलं ते मला अजून ऐकू येतं. गळ्याच्या डाव्या बाजूला रामफळाएवढी गाठ होती. तुम्ही आवंढा गिळलात आणि ती वर सरकून खाली आली.

"केव्हापासून?"

"संस्थान विलीन झालं तेव्हापासून," तुम्ही म्हणालात. "तेव्हा सुपारीएवढी होती."

मग हळूहळू निघालं. आठ वर्षांपूर्वी दरबारची नोकरी मध्यभारतात वर्ग होताना सगळ्यांची डॉक्टरी तपासणी झाली होती. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांना प्रकृतीच्या कारणानं घरी बसवलं. तुम्ही कोटाची बंद कॉलर वर केलीत आणि निभावलंत. पुढं कॉलर लागेनाशी झाली, मग मफलर आला. आणि आता दुसरी उलथापालथ, पुन्हा याद्या, पुन्हा छटनी होणार अशी कुजबुज. "भोपाळला एकदा रुजू होतो," तुम्ही म्हणालात, "मग बघू." मी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला एक्स-रेला नेलं. काच उजेडापुढं धरली. श्वासनलिका सरळ उभी असायला हवी. तुमची उजवीकडे ढकलली जाऊन धनुष्यासारखी वाकली होती आणि मधोमध एखाद्या बोरूएवढी बारीक झाली होती. गाठीचा काही भाग छातीच्या हाडामागे उतरला होता. तुम्ही त्या बोरूतून श्वास घेत रोज दफ्तराचे जिने चढत होतात.

ऑपरेशनला तुम्ही नाही म्हणालात, आणि कारण गाठ नव्हतं, कारण भूल होतं. तुमचे थोरले भाऊ, आमचे तात्या, दरबारच्या पलटणीत होते. अंतर्गळाच्या ऑपरेशनला त्यांना क्लोरोफॉर्म सुंघवला आणि ते उठलेच नाहीत. तुम्ही बाहेर बाकावर त्यांचा फेटा मांडीवर घेऊन बसला होतात. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती, पण त्या दिवशी तुम्ही एक नवं वाक्य बोललात: "मरणाचं एवढं नाही गं. पण मला न विचारता मला कुणी झोपेत न्यावं, हे मला मंजूर नाही."

मी तुमची समजूत काढायला लागले. आता क्लोरोफॉर्म राहिला नाही, शिरेत सुई देतात, मग नळी घालतात, श्वास आम्हीच देतो, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत, "तुझ्यासमोर असं कुणी गेलं आहे?" मी म्हटलं, "एकही नाही, अण्णा." हे खोटं होतं. त्याच उन्हाळ्यात मला महिनाभर दूर एका लहान गावातल्या अस्पतालात धाडलं होतं. तिथं तुमच्यासारखीच गाठ असलेली एक बाई आली होती. तिला झोपवलं, अंग सैल पडलं, आणि जी काही वाट होती ती गाठीच्या वजनाखाली मिटली. नळी जाईना. तीनदा प्रयत्न झाला, चौथ्यांदा झाला. मी तिचं डोकं धरून होते आणि तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होताना बघत होते. बाहेर आले तर तिचा नवरा उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "जाग गई?" तेव्हापासून कुणाची मान बघितली की मी मनात नळी घालून बघायचे. रस्त्यात, टांग्यात, देवळात. तुमची मान बघितल्यावर मला नळी कुठून जाईल ते दिसतच नव्हतं. आणि तुम्हाला मात्र मी सांगत होते, कळणारसुद्धा नाही.

तुम्ही माझ्या शब्दावर भरती झालात. खाटेवर बसून आयोडीनचे थेंब दुधातून घेत होता, शेजारच्या रोग्यांना "माझी मुलगीच भूल देणार आहे" म्हणून सांगत होता. आमच्या भूल विभागाचे प्रमुख, आमचे सर, तुम्हाला बघायला आले. सर कानपूरकडचे, ठेंगणे, कमी बोलणारे. त्यांनी तुम्हाला तोंड उघडायला लावलं, मान मागे टाकायला लावली, उशी काढून आडवं व्हायला सांगितलं. तुम्ही आडवे झालात आणि दहा मोजायच्या आत धडपडून उठलात. सरांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, बाहेर गेले आणि व्हरांड्यात मला म्हणाले, "पिताजी से सुलाने का वादा किया है?"

"जी, सर."

"और ट्यूब नहीं गई तो?"

त्यांनी विचारलं, "डर किसका बड़ा है, उनका या तुम्हारा?" मग ते म्हणाले, "जब तक ये जाग रहे हैं, अपनी साँस खुद सँभाल रहे हैं। सुला दिया तो वो काम मेरा हो जाएगा, और मैं नहीं जानता मुझसे होगा या नहीं।" तोवर एवढ्या मोठ्या माणसानं 'मला जमेल की नाही माहीत नाही' असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी ठरवलं की सर्जन फक्त गळा बधिर करतील आणि तुम्ही पूर्ण वेळ जागे राहाल. वर जाता जाता वळून म्हणाले, "ये बात उन्हें तुम बताओगी। और सच बताओगी।"

मी दुपारी तुमच्या खाटेशी आले. आई डबा घेऊन आली होती, तिला मी नळावर भांडी धुवायला पाठवलं. तुम्हाला सांगितलं की झोपवणार नाहीत, चाकू चालत असताना तुम्ही जागे असाल, दुखणार नाही पण ओढाताण कळेल. आणि त्या बाईचंही सांगितलं. सगळं, नवऱ्याच्या जोडलेल्या हातांपर्यंत. तुम्ही बराच वेळ चादरीचा काठ दुमडत होता.

"म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"बापाशी."

"हो, अण्णा."

मला वाटलं, आता चप्पल घालून घरी जायला निघाल. पण तुम्ही म्हणालात, "चल, बरं झालं. इतके दिवस वाटायचं, या अस्पतालात घाबरणारा मी एकटाच आहे." मग थोड्या वेळानं, "तू जवळ असशील ना? भूल नाही तर तुझं काय काम मग?"

माझं काम सरांनी ऑपरेशनच्या सकाळी समजावून दिलं. तुम्हाला टेबलावर अर्धवट बसतं ठेवलं होतं, गळ्यापुढं हिरवी चादर ताणून पडदा केला होता. पडद्यापलीकडे सर्जन, तुमच्या डोक्याशी सर, त्यांच्या हाताशी घसा उघडायची चकचकीत पट्टी आणि आत तार घातलेली सगळ्यांत बारीक नळी. मी तुमच्या बाजूला, पडद्याच्या आत, डावा हात तुमच्या छातीवर. आवाजाची नस त्या गाठीच्या पाठीशी चिकटून जाते, म्हणून रोगी बोलता ठेवायचा. आवाज बसला की सर्जनला कळतं की नस जवळ आहे. "आवाज़ तुम पहचानती हो, मैं नहीं," सर मला म्हणाले. "साँस बिगड़ी लगे तो दायाँ हाथ ऊपर कर देना। हाथ उठा तो मैं ट्यूब डालूँगा। नहीं उठा तो नहीं डालूँगा।" उघड्या गळ्यात, त्या वाकड्या वाटेनं, जाग्या माणसाला नळी घालायची म्हणजे काय, ते आम्हा दोघांना माहीत होतं. गेली तर जीव वाचेल. नाही गेली तर उरलेली वाटही सुजून बंद.

सुरुवातीला तुम्ही आकडे म्हणत होता. सत्तरापर्यंत पोहोचल्यावर आवाज यंत्रासारखा व्हायला लागला. सकाळी दिलेल्या सुईची गुंगी होतीच. पलीकडून सर्जन म्हणाले, "गिनती नहीं, कुछ ऐसा पूछो कि सोचना पड़े।" मला काही सुचेना. मग म्हटलं, "अण्णा, खाती सांगा. कुठलं खातं कुठं गेलं?" आणि तुमचे डोळे उघडले. तुम्ही जेवताना सांगायचे तसेच सुरू झालात. शिक्षण खातं भोपाळ. जंगल खातं भोपाळ. हायकोर्ट जबलपूर. महसूल मंडळ इथंच, ग्वाल्हेरात. मी म्हटलं, "आणि संस्थानाच्या वेळची?" तुम्ही मागे गेलात. दरबारच्या दफ्तराचं काय झालं, कुणाची मोहोर कुणाकडे गेली, कोणते दोन विभाग जोडून एक केला आणि त्याचे दोन अधिकारी एका खुर्चीसाठी कसे भांडले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती शिट्टी. मधे कधी चिमटा लागला की "आई गं" आणि लगेच पुढचं खातं.

"अब पीछे वाला हिस्सा निकाल रहा हूँ," सर्जन म्हणाले. "बुलवाती रहो।"

"अण्णा, पुढं? बंदोबस्त खातं?"

"बंदोबस्त..." तुम्ही म्हणालात, आणि थांबलात.

"बोलत राहा, अण्णा. बंदोबस्त कशात गेलं?"

तुम्ही बोलला नाहीत. डोळे छताकडे. आणि शिट्टी थांबली. इतके दिवस आईच्या, माझ्या, सगळ्या घराच्या कानात बसलेली ती शिट्टी एकदम बंद. ती चांगल्यासाठी थांबली की वाईटासाठी, हे कसं कळावं? छाती हलत होती की माझाच हात कापत होता? मी पुन्हा हाक मारली. सरांनी पट्टी उचलली होती, नळी दुसऱ्या हातात, आणि त्यांचे डोळे तुमच्यावर नव्हते, माझ्या उजव्या हातावर होते. पलीकडून सर्जननं विचारलं, "क्या हुआ? बोल क्यों नहीं रहे?" माझा हात वर गेला नाही.

मग तुम्ही कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघितलंत आणि स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणालात, "अगं, बंदोबस्त मालखात्यात गेलं की जमाबंदीत? मला आठवूनच नाही राहिलं."

पडद्यामागे सर्जन मोठ्यानं हसले. "जाने दीजिए बाबूजी, गाँठ बाहर आ गई।" शिट्टी थांबली होती कारण तुमच्या श्वासनलिकेवरचं ओझं उचललं गेलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पुरा श्वास घेत होता, आणि तुमचं लक्षही नव्हतं. तुम्ही बंदोबस्त खातं शोधत होता.

बाहेर हात धुताना सर माझ्याशेजारी उभे राहिले. "मैं होता तो हाथ उठा देता," ते म्हणाले. "और ट्यूब जाती नहीं। तुमने रुककर बाप को बचाया है।" सरांनी कुणाची तारीफ केल्याचं विभागात कुणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या अस्पतालात पसरलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या खाटेपर्यंत आलं. तुम्ही मला जवळ बोलावलंत, गळ्याला पट्टी होती, आवाज बारीक पण तुमचाच. म्हणालात, "सगळे घाबरले म्हणे. तू नाही घाबरलीस." आई पदरानं डोळे पुसत होती. मी तुमची नाडी बघायला घेतली.

तुम्ही दोन महिने उशिरा भोपाळला गेलात, उघड्या गळ्यानं, बंद कॉलरचा कोट घालून. कुणी तुम्हाला घरी बसवलं नाही. तुमच्या नव्या क्वार्टरमध्ये मी सुट्टीत यायचे तेव्हा शेजारचे, दफ्तरातले, इंदूरकडचे, रीव्याकडचे लोक मला बघायला यायचे, आणि तुम्ही मान वर करून टाक्यांची रेघ दाखवून ती गोष्ट सांगायचे. गोष्टीत प्रत्येक वर्षी थोडी भर पडायची, पण तो न उठलेला हात तसाच राहायचा. पहिल्या पगारात तुम्ही मला सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ घेतलंत, नाडी मोजायला. अठरा वर्षं तुम्ही तुमच्या मोकळ्या गळ्यानं बोललात. मी पुढं त्याच विभागात शिकवायला लागले. आणि दर वर्षी नवी मुलं आली की मीही तीच गोष्ट सांगायला लागले, अण्णा. नाव न घेता, 'एक रोगी होते' म्हणून. सांगायचे की नळी घालणं हात शिकतो, थांबणं मन शिकतं. मुलं वहीत लिहून घ्यायची. हजार मानांमध्ये, हजार घशांमध्ये, पुढं मी खरोखरच थांबायला शिकलेही. पण ते पुढं.

आता या वेळचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला तपासायला एक मुलगी आली, पंचविशीची, मराठी घरातली, माझ्याच एका विद्यार्थ्याच्या हाताखाली शिकणारी. "मॅडम, तोंड उघडा ना. बस, इतकंच?" दोन बोटंही नीट जात नव्हती, मान म्हातारपणानं ताठ. तिनं माझ्या मानेकडे बघितलं तशी मी एके काळी रस्त्यात लोकांच्या मानांकडे बघायचे. तिच्या चेहऱ्यावर मला ते सगळं ओळखू आलं. तिनं कागद मिटले आणि अचानक म्हणाली, "मॅडम, सर आम्हाला तुमची स्टोरी सांगतात. हाथ न उठाने वाली. तुम्हाला तेव्हा कळलं कसं?" मी म्हटलं, "अनुभवानं कळतं." चोवीस वर्षांची उमेदवार होते मी तेव्हा. कुठला अनुभव?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, सॉरी. दोनदा नाही गेली. मला काही कळेनाच, मैं डर गई. मी सरांना हाक मारली, मग त्यांनी कॅमेऱ्यानं घातली. मला वाटलं होतं, कळेल. मी तुमच्यासारखी नाही." मी वहीवर लिहिलं, 'हाक मारलीस हे चांगलं केलंस.' ती वाचून हसली, पण तिला ते पटलं नव्हतं. म्हातारीनं समजूत घातली, असंच तिला वाटलं असणार. वही माझ्या हातात होती, पेन हातात होतं, पान कोरं होतं. मी आणखी एक ओळ लिहू शकले असते.

ती ओळ ही आहे. अण्णा, त्या दिवशी मला काहीही कळलं नव्हतं. शिट्टी थांबली तेव्हा मला वाटलं तुम्ही गेलात. मी हात वर करायचं ठरवलं. केला असंच मला वाटलं. माझ्या मनात तो वर गेलेला होता आणि सर अजून का थांबलेत म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. तो खांद्यापासून लाकडासारखा खाली लोंबत होता, उचलला गेलाच नाही. ज्याला सगळे हिंमत म्हणाले ती भीती होती, आणि माझ्या ठरवण्याप्रमाणे झालं असतं तर तुम्ही तिथंच संपला असता. हे सरांना सांगितलं नाही, आईला नाही. तुम्हाला तर किती वेळा सांगता आलं असतं. भोपाळच्या अंगणात तुम्ही लोकांना मान दाखवत होता आणि मी शेजारी चहाचे कप धरून उभी असायचे.

उद्या ती मुलगी माझा घसा बघायला येणार आहे. तिला हे कळायला हवं, मला दिसतं आहे. गोष्ट तुमची, म्हणून आधी तुमच्या कानावर घातली. हे पान मी सून यायच्या आत वहीतून काढून घेणार आहे. आणि त्या मुलीला उद्या सांगेन असं लिहायला मी दोनदा पेन टेकवलं, अण्णा, पण अजून तसं लिहवत नाही.